साठ हिरवी बटणं

३ जुलै, सोमवार
आजपासून माझा स्पोकन इंग्लिशचा कोर्स ऑनलाइन. साठ विद्यार्थी, एकाचाही कॅमेरा चालू नाही. लाजतात बिचारे. पण प्लॅटफॉर्म हुशार! दर दहा मिनिटांनी टिंग वाजून ‘आहात ना?’ असं हिरवं बटण येतं, ते दाबायचं. साठच्या साठांनी पटापट दाबलं. एवढं लक्ष माझ्या बोलण्याकडे घरात कुणी आजवर दिलेलं नाही.

४ जुलै
बायको म्हणते, एवढी शांतता म्हणजे पोरं झोपली असणार. हिला शिकवण्यातलं काय कळतंय! आज प्रश्न विचारला. कुणीच उत्तर दिलं नाही. विचार करत असतील. शेवटी मीच दिलं. बरोबर आलं.

६ जुलै
प्रिन्सिपॉलबाई म्हणाल्या, शनिवारी तुमच्या तासाला बसते. आवडलं तर कोर्स चालू, नाहीतर बंद. म्हणजे मी परत परीक्षा विभागात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला. हॅः! प्रश्नच नाही. उद्यापासून पहाटे पाचला उठून उच्चारांचा सराव.

७ जुलै
पहाट हुकली. घशालाही विश्रांती हवीच की. निबंध तपासले. जवळजवळ सगळ्यांचे शब्दन् शब्द सारखे. याला म्हणतात टीमवर्क.

८ जुलै, शनिवार, सकाळी ११
काय बोललो आज, काय बोललो! ओघ तुटू नये म्हणून चॅटकडे बघितलंसुद्धा नाही. प्रिन्सिपॉलबाईंचा मेसेज: उच्चार अत्यंत स्पष्ट, कोर्स चालू ठेवा. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर अंगठेच अंगठे. बायकोला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं.

दुपारी १
स्वतःला ऐकावं म्हणून रेकॉर्डिंग लावलं. तासभर माझे नुसते ओठ हलतायत. माइक बंद! बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. साठांतल्या एकानेही सांगू नये?

दुपारी २
सांगितलं होतं! चॅटमध्ये एक मेसेज: आवाज येत नाही. देव पावला. एक तरी जीव ऐकत होता! शाबासकी द्यायला लगेच त्या मुलाला फोन केला. तो चाचरला. म्हणाला, सॉरी सर, मी रोज मॅचला जातो, बटण दाबायला आजोबांना बसवतो.

आजोबांनी फोन घेतला. म्हणाले, मास्तर, तुमचं इंग्रजी आम्हाला ओ की ठो कळत नाही, पण तुमच्या आवाजावर डोळा फार छान लागतो. आज आवाजच नाही, म्हटलं कळवावं. आणि ते मधेमधे टिंग वाजतं ना, दचकून जाग येते, तेवढं बंद करता आलं तर बघा.

बघतो म्हणालो.