रिकामं माळरान

रविवार, मार्च १९५६

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडलेले हे मंगळवारी सुटून आले, तेव्हापासून गप्पच. आज बळेबळे निसर्गचित्रांच्या प्रदर्शनाला नेलं. एका चित्रापुढून हलेचनात. काय होतं त्यात? नुसतं माळरान आणि आभाळ.

म्हणाले, "ह्यात एकही माणूस नाही. किती बरं वाटतं! बराकीत कूस बदलायला जागा नव्हती गं."

मला रागच आला. म्हणजे मीही नको? बाजूला सरकले. तर चित्रावरची नजर न काढता ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. चारचौघांत! गिरगावातल्या कुणी पाहिलं असतं तर?

"तू कुठे निघालीस? तू थांब."

त्या रिकाम्या माळरानात मला जागा आहे तर. मनगटावर बांगड्या रुतल्याची खूण अजून आहे. देवा, पावलास रे.