नवाबसाहेबांचं पाणी

४ मे १९९३, मंगळवार

न्हाणीघरात बेडूक! तांब्या उचलायला हात घातला आणि नळावर हा बसलेला — वाळक्या पानाच्या रंगाचा, पाय पोटाशी दुमडून. अशी किंचाळले की शेजारच्या सत्यवतीगारू भिंतीपलीकडून "क्या हुआ भाबी?" करून ओरडल्या. फिनेलची बाटली घेऊन परत येते तर दारात हे उभे. हे! खुर्ची सोडून! म्हणाले, "थांब. फिनेल नको."

फॅक्टरीने 'गोल्डन शेकहँड' देऊन घरी बसवल्यापासून हे व्हरांड्यातल्या खुर्चीतून फक्त जेवायला उठतात. कसला गोल्डन नि कसला शेकहँड — हातात हात घेऊन दाराबाहेर काढणंच ते. तेव्हापासून बोलणं म्हणजे 'हं' आणि 'नको'. आज एका दमात तीन शब्द!

बेडूक अजून तिथेच आहे. मी आंघोळ डोळे मिटून उरकली.

६ मे

गेला नाही. झाडावरची जात म्हणे ही. बोटांच्या टोकांना टिकल्यांसारखं काहीतरी आहे, त्यावर सरळ भिंत चढतो. दिवसभर झोपायचं, दिवेलागणीला डोळे उघडायचे. मी म्हटलं, नवाबसाहेब आलेत कुठले! ह्यांना जरासं हसू आलं असावं. खात्री नाही.

९ मे, रविवार

फ्रीज आल्यापासून माळ्यावर पडलेली दुधाची जाळी — ते कडीचं छोटं जाळीदार कपाट — ह्यांनी खाली काढली. स्वतः स्टूलवर चढून. घासली, धुतली, आत मनीप्लँटची कुंडी, एक पसरट थाळी. मागच्या अंगणात हौदाशेजारी सावलीत ठेवली आणि नवाबाला आत सोडलं. नवाबसाहेबांचा महाल!

नळाचं पाणी थाळीत थेट घालायचं नाही, असा हुकूम. त्यात क्लोरिन. पसरट पातेल्यात रात्रभर उघडं ठेवायचं, मग द्यायचं. ह्यांची सगळी नोकरी बॉयलरचं पाणी तपासण्यात गेली, तेव्हा ह्यात माझं काय चालणार? माझं पुरणाचं पातेलं जप्त झालं. आम्हाला नळ एक दिवसाआड, नवाबाला रोज ताजं!

१२ मे

हे अफझलगंजच्या लायब्ररीत गेले! बस पकडून, एकटे. मी ऑफिसातून आले तर घराला कुलूप. जीव घाबरला होता.

जेवताना सांगत होते — बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. कातड्याने पितो! ओल्या जागी पोट टेकवून बसला की झालं त्याचं पिणं. म्हणून थाळीत पाणी पोट भिजेल इतकंच. म्हणून साबणाचे हात लावायचे नाहीत, लावायचेच तर आधी साध्या पाण्यात बुडवून. कातडं सुकलं की संपलं. भाजीत मीठ टाकायला विसरले होते, दोघांनीही ती तशीच खाल्ली. मध्येच बोलले आणि हे गप्प झाले तर?

१५ मे

नवाबाने झुरळ गिळलं. मी टाळ्या वाजवल्या. मी!

१९ मे

सत्यवतीगारू आज महाल बघायला आल्या. पदराने नाक झाकून बघितलं. "कप्पा को कायकू पालते भाबी? एक दिन कूदके चले जाता, देखो!"

कप्पा म्हणजे त्यांच्या तेलुगूत बेडूक. बोलून गेल्या, पण माझ्या मनातून जात नाही. हे सकाळी उठल्याबरोबर आधी मागे जातात, पाण्याची थाळी बदलतात, मनीप्लँटवर पाणी शिंपडतात. मग दाढी करतात. रोज दाढी! नवाब गेला तर परत ती खुर्ची. देवा, एवढा उन्हाळा तरी राहू दे त्याला. बेडकासाठी नवस बोलणारी काचीगुड्यातली मी पहिलीच असेन.

२४ मे

काय करून बसले मी!

ऊन असं की भांड्यांना हात लाववत नाही. हे बँकेत गेलेले. मागे जाऊन पाहते तर नवाब कोपऱ्यात, अंग सुरकुतलेलं, डोळे अर्धे मिटलेले. लू लागली, दुसरं काय! आमच्या परभणीकडे लू लागली की पहिलं काय — मीठसाखरेचं पाणी. आईने अख्ख्या आळीला पाजलंय. टीव्हीवरसुद्धा सांगतात, चिमूटभर मीठ, मूठभर साखर. थाळीतलं पाणी ओतून टाकलं, नीट ढवळून मीठसाखरेचं घातलं, नवाबाला उचलून त्यात बसवलं. हात आधी साध्या पाण्यात बुडवले होते, तेवढी अक्कल होती! वर कांद्याची फोडही ठेवली बाजूला.

हे आले. कांदा दिसला. "हे काय?" मी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"अगं, तो कातड्याने पितो! मिठात घातलंस तू त्याला!" काय ओरडले! सत्यवतीगारूंचा रेडिओ बंद झाला.

रडले खूप. आणि खरं सांगू? आत कुठेतरी बरंही वाटलं. कित्येक महिन्यांत हे माझ्यावर ओरडलेच नव्हते. ओरडायला माणूस जागेवर असावा लागतो.

२५ मे

हलत नाही. हे पातेल्यातलं पाणी थोडं थोडं घेऊन त्याला धुताहेत, पुन्हा पुन्हा. माझ्याशी बोलत नाहीत. मी ऑफिसला गेले नाही.

२७ मे

दिवेलागणीला डोळे उघडले! मग एक पाय. मग सावकाश जाळीवर चढला. मी देवापुढे साखर ठेवली — साखरच, मीठ नव्हे!

हे म्हणाले, "त्याच्या पाण्याला तू यापुढे हात लावायचा नाही." बरं म्हटलं. लागलं मनाला. पण बरं म्हटलं.

३ जून

सत्यवतीगारू बाटली घेऊन दारात. "भाईसाब, हमारे बोर का पानी जरा देखो ना. दाल गलतीच नहीं." ह्यांनी पाणी तपासायची जुनी पेटी काढली, दोन थेंब हे, दोन थेंब ते, निदान सांगितलं: पाणी जड. झालं! गल्लीत बातमी फुटली. आता व्हरांड्यातल्या खुर्चीवर ओळीने बाटल्या, ह्यांना बसायला जागा नाही. मी आवरणार नाही. राहू देत.

११ जून

फॅक्टरीत ह्यांच्या हाताखाली होता तो मिलिंद आला होता. आता हाफ हाताच्या इस्त्रीच्या शर्टात. सिकंदराबादला पाणी शुद्ध करायच्या मशीनचा धंदा टाकलाय. "सर, मशीन विकणारे ढीगभर मिळतात. पाणी कळणारं माणूस नाही माझ्याकडे. या तुम्ही."

हे लगेच म्हणाले, "अरे, नवाबाकडे कोण बघणार दिवसभर?"

मिलिंदला वाटलं कुणी आजारी नातेवाईक. विहिरीतून वर काढायला ज्या दोराने मदत केली, तोच आता पायात! मी आहे ना बघायला, असं म्हणणार होते. कुठल्या तोंडाने म्हणू?

१४ जून

मिलिंदकडे जाणार का, विचारलं. "बघू," म्हणाले. म्हणजे नाहीच. आज पहिल्यांदा त्या बेडकाचा राग आला. तो आपला थाळीत पोट टेकवून बसलेला, सुखात.

२१ जून, सोमवार

सकाळी हौदाच्या भिंतीला, पाण्याच्या जरा वर, पांढरा फेस. कपड्यांचा साबण म्हणून खराटा उचलला. "हात लावू नको! अंडी आहेत." मला कळेना. "आपला नवाब नव्हे गं, बेगम आहे!"

अहो, पण जाळीत बंद असताना? तर म्हणाले, "कडी मी कधीच लावली नाही. पहिल्या दिवसापासून. रात्री जाते, सकाळी येऊन बसते. जायचं असेल तिने जावं. आता तर इथेच अंडी घातली, तिला माझी राखण नको."

मग इस्त्रीचा शर्ट घातला. मिलिंदकडे निघाले. फाटकातून मागे वळून म्हणाले, "दुपारी तिची थाळी तू भर." मी मान हलवली. "बिनमिठाची," म्हणाले, आणि मोठ्याने हसले.