पंचवीस सेंटीमीटर

४ फेब्रुवारी
आले एकदाची! ओळख-तपासणीच्या प्रयोगशाळेत माझं टेबल खिडकीशी आणि राहायची खोली बरोबर वरच्या मजल्यावर. सहानंतर इमारतीत मी एकटी. पावलाच्या मापावरून माणसाची उंची काढणं हे माझं काम. पाऊल म्हणजे उंचीच्या शंभर भागांतले साधारण पंधरा. शिपाईमामा म्हणाले, मग माझी ओळख पटवायला नुसती चप्पल पाठवली तरी चालेल की ताई! किती दिवसांनी कुणाबरोबर तरी हसले.

९ फेब्रुवारी
तलावात सापडलेल्या एका पुरुषाच्या मृतदेहाची पावलंच तेवढी शाबूत होती. मोजली. सत्तावीस सेंटीमीटर, म्हणजे उंची एकशे ऐंशीच्या आसपास. एका बेपत्ता माणसाची बायको आली होती, पन्नाशीची. तिच्या नवऱ्याची उंची एकशे सदुसष्ट. काकू, हे तुमचे नव्हेत, मी सांगितलं. "म्हणजे हे आहेत कुठंतरी!" म्हणत त्यांनी मला मिठीच मारली.

१४ फेब्रुवारी
काकूंचा रोज फोन येतो. जेवलीस का, विचारतात. आई गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी
मोजपट्टीवरची टाच टेकवायची फळी शून्यावर नव्हतीच. दोन सेंटीमीटर पुढे सरकलेली. मी आल्यापासून एकदाही तपासली नाही. पावलं पुन्हा मोजली. पंचवीस. उंची एकशे सदुसष्ट.
तेच आहेत.
काकूंचा फोन आला. जेवले, म्हणाले. फळीचं काही सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी
दुपारी वर आले तर खोलीच्या दाराशी ओली पावलं. अनवाणी. मामा रजेवर आहेत. हाताच्या सवयीने मोजली.
पंचवीस.

२० फेब्रुवारी
आज पावलं आत. कुलूप होतं तसंच. पुसून काढली. फोनवर काकू म्हणाल्या, हे आले की तुला जेवायला बोलावते. सांगणारच होते— पण सांगितलं की फोन यायचा बंद होईल.

२१ फेब्रुवारी
पलंगापर्यंत आली. पुसली की पुन्हा उमटतात. काकूंनी विचारलं, तुझ्याकडे पाणी कसलं गं ठिबकतंय? नळ, म्हणाले.

२२ फेब्रुवारी
भर दुपार. खुर्चीमागे दोन पावलं, जोडलेली. बोटं माझ्याकडे. पुन्हा वळायचं नाही. लिहीत राहायचं. वहीवर थेंब पडतायत, वरून— शाई फुटतेय—
फोन वाजतोय. काकूच. आज सांगते, खरंच सांगते, मी—
माझ्या खांद्यावरून एक ओला हात फोनकडे