लग्नाची राकिया विजेवर

२ ऑक्टोबर
ठरलं. लेक नेवेनाच्या लग्नाची राकिया, म्हणजे आलुबुखारची दारू, यंदा मीच गाळणार, तीही विजेवर. सव्वीस वर्षं टेक्निकल शाळेत ओहमचा नियम शिकवतोय. व्होल्टेज दुप्पट, करंट दुप्पट. माझा स्वभावही तसाच सरळ. जेवढं डिवचाल तेवढाच राग, कणभर जास्त नाही.

४ ऑक्टोबर
मेहुणा मिलिसाव आला. ट्रॅक्टर दुरुस्त करतो. म्हणाला, दाजी, आपल्याकडं भट्टी लाकडावर लागते, पोरीच्या लग्नात कसले प्रयोग करताय? मी शांत राहिलो. फक्त खुर्ची फेकली. लागलीसुद्धा नाही त्याला.

५ ऑक्टोबर, सकाळ
हीटर थेट लावला तर आलुबुखार करपणार. म्हणून सिरीजमध्ये दोनशे वॅटचा जुना बल्ब. मोजला: अठरा ओहम. हीटर वीस. व्होल्टेज जवळपास निम्मं-निम्मं, करंट सहा अँपिअर. चोख.

दुपार
बल्ब भगभगतोय, हंडा गार. करंट एक अँपिअरसुद्धा नाही. मीटर खोटारडा. भिंतीवर आपटला.

६ ऑक्टोबर
मिलिसाव म्हणाला, अहो मास्तर, थंड बल्ब कशाला मोजलात? तार तापली की दहापट अडवते, ती काय हीटरसारखी सरळ चालणार?
नॉन-ओहमिक, म्हणजे ओहमचा नियम न पाळणारं, हा शब्द दरवर्षी मीच फळ्यावर लिहितो. हा मला शिकवणार! कॉलर धरली. तो हसला. मग ढवळायचा दांडा उचलावा लागला. मनगट मोडलं, त्याचं. राग प्रमाणातच होता, हसणं फार होतं.

७ ऑक्टोबर
बल्ब हातोडीने काढला. हीटर थेट मेनला. तळ करपला, नळी तुंबली, झाकण छपरातून गेलं. बायको स्टामेना ओरडली, आता तरी पुरे करा हो! मी शांतच होतो. आंबवलेल्या आलुबुखारची उरलेली तीन पिंपं कुऱ्हाडीने फोडली, म्हणजे तो विषय संपला.

१५ ऑक्टोबर
लग्न. संकल्प: एक शब्द बोलायचा नाही.
नेवेनाला भाऊ नाही. तिला घरातून बाहेर नेऊन वराकडच्यांच्या हाती द्यायचा मान मामाचा. मिलिसाव प्लास्टर घालून आला. वराकडच्यांनी दुकानातली राकिया आणली होती. मी नवा कोट घालून दारात उभा. नेवेना जवळ येऊन हळूच म्हणाली, बाबा, मला तुमची भीती वाटते, तुम्ही चर्चमध्ये येऊ नका.
राग यायला हवा होता. आला नाही. फार वाईट वाटलं. ते सगळे गेले आणि मी कोट काढून ठेवला.