आईचा मराठीचा पेपर

२४ जानेवारी
नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद – आईसाठी तक्ता करून भिंतीला लावला. दोन रंग, रेघा पट्टीने. पॉलिटेक्निकची सवय.
गेल्या वर्षी ती १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली. गणितात पास, मराठीत सात गुण कमी! अंगणवाडीत मदतनीस आहे. सेविका व्हायचं तर आधी ही दहावी, मग बारावी. पेपर २० फेब्रुवारीला, इथे रिसोडलाच.

२७ जानेवारी
विशेषण म्हणजे नामाबद्दल जास्तीची माहिती देणारा शब्द, असं सांगितलं.
"म्हंजे आपली नानीबाई!"
नानीबाई शेजारीच राहतात. भिंतीपलीकडून आवाज – "ऐकू येऊन राह्यलं मले!"
आई विशेषण आता विसरणार नाही.

३० जानेवारी
नोकरी लागलीय त्या पुण्याच्या कंपनीचा मेल. तारीख वाढवून मिळणार नाही. सोळा फेब्रुवारीलाच हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला.
सोळा आणि वीस. फरक चार दिवसांचा.
घरी सांगितलेलं नाही. सांगितलं तर आई पुस्तक मिटेल आणि मला सोबत द्यायचा चिवडा करायला बसेल.

१ फेब्रुवारी
बॅग भरली. जॉइनिंग लेटर बाहेरच्या कप्प्यात. मग कपडे परत काढले.

४ फेब्रुवारी
उपमा, यमक झालं. आज आत्मवृत्त – निर्जीव वस्तू स्वतःबद्दल बोलते असा निबंध. आठ गुण. गेल्या वर्षी तिने हाच प्रश्न सोडला होता.
"वस्तू कशी बोलन व?"
"समज, बोलते. तू तिच्या जागी बसायचं."
"अन् बोललीच, तर खोटं बोलन का?"
पुस्तकात पाहिलं. व्याख्येत तसं काही नाही.
"खरंच बोलन ते. तिले कोनाचं भेव?"

७ फेब्रुवारी
'मी शाळेची घंटा बोलते' – तीनदा लिहायला लावलं. तिन्ही वेळा घंटा चौथ्या ओळीत गप्प.
"माही अन् त्या घंटीची वळख नाही. काहून बोलन ते माह्याशी?"
"मग ओळखीची वस्तू घे."
मी नसले तर हा प्रश्न ती पुन्हा सोडणार. कंपनीला नकाराचा मेल लिहून ठेवला. सोमवारी पाठवते.

९ फेब्रुवारी
अंगणवाडीत जाताना आई वही हातात देऊन गेली.
'मी खाटेखालची बॅग बोलते. माझी मालकीण मला भरते आणि रिकामी करते. तीनदा झालं. माझ्या कप्प्यात सोळा तारखेचा कागद आहे. झाडताना तिच्या आईने तो वाचला. मालकिणीला वाटते, आई पेपरला भिते. भिते. पण जाईल. आता मला भरलं की तसंच राहू द्यावं.'
खाली – 'किती गुण?'
आठ दिले. मेल न पाठवताच काढून टाकला. बॅग भरली.