मागचा जाड आवाज

अण्णा,

तुम्हाला हे पटायचं नाही, पण रेकॉर्ड वाजवायला हल्ली मध्ये आणखी एक डबा लागतो. टर्नटेबल वेगळं, ॲम्प्लिफायर वेगळा आणि त्या दोघांच्या मध्ये हा. फोनो प्रीॲम्प म्हणतात. कर्जतच्या बाजारातल्या रिपेरिंगवाल्यानं मला हे सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते तुमचंच होतं. मी म्हटलं, ‘बाईमाणूस बघून सांगताय का? आमच्या दुकानात आयुष्यभर रेकॉर्डी वाजल्या, असला डबा कधी बघितला नाही.’ तो बिचारा हसला. मला त्या हसण्याचाही संशय आला. तुम्ही गेल्यानंतर एवढी वर्षं झाली, पण गिऱ्हाईक हसलं तरी ‘ह्याला काय पायजे हाय’ म्हणून बघायची तुमची खोड माझ्यात जशीच्या तशी उतरली आहे. खालापूरच्या ऑफिसात मी कागद तपासते, तिथे तिचा उपयोग होतो. घरात होत नाही.

हे सगळं सुरू झालं आईमुळे. तिचा उजवा कान गेल्यात जमा आहे आणि डावाही उतरत चाललाय. कानाच्या डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलं, पण मशीनमधून माणसाचा आवाज पूर्वीसारखा येईलच असं नाही, हेही सांगितलं. दहिवलीला घरी आल्यावर आई चहा पिताना म्हणाली, ‘बाय, कान हाय तवर तुज्या बापाची ती रेकॉर्ड लाव. एकदा बगू दे मला, तो हुता का नव्हता.’ मी म्हटलं, आई, आता काय फरक पडतो, अण्णा जाऊन किती वर्षं झाली. तर म्हणते, ‘तो गेला. मी हाय ना अजून.’

तुम्हाला माहीत आहे ती कोणत्या रेकॉर्डबद्दल बोलते. आपल्या गायनपार्टीची भीमगीतांची ती एकुलती एक रेकॉर्ड, मुंबईला जाऊन केलेली. वर मुख्य गाणाऱ्याचं नाव आहे, खाली नुसतं ‘आणि साथी’. त्या साथींमध्ये तुम्ही होतात असं तुम्ही सांगायचात. पार्टी रेकॉर्डिंग करून परत आली आणि तुम्ही आला नाहीत, आठ दिवसांनी उगवलात, हे आई सांगायची. तुमचं म्हणणं, सामान घ्यायला थांबलो होतो. आईचं म्हणणं, सामान कुठे दिसलं नाही. आणि कोणीतरी तिच्या कानात घातलं की तुम्ही गायलाच नाहीत, स्टुडिओचं नुसतं निमित्त होतं, मुंबईत तुमचं दुसरंच काहीतरी होतं. कोणी सांगितलं ते तिनं कधी सांगितलं नाही. पण ते तिच्या मनात जे बसलं ते बसलंच.

मला चौकातलं आपलं लाऊडस्पीकरचं दुकान दिसतं. जुन्या हायवेला तोंड करून, एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला ढाबा. भिंतीला भोंगे टांगलेले, खाली वायरींची वेटोळी, आणि तुम्ही पिनांची डबी वरच्या खिशात ठेवून बसलेले, कारण पिना चोरीला जातात याबद्दल तुमची खात्री होती. रेकॉर्डच्या पिना कोण चोरणार, अण्णा? ढाबेवाला? तरी तुम्ही लग्नाहून आलात की पहिलं डबी उघडून बघता. लग्नात तुम्ही भोंगा चिंचेवर बांधता, वधूवर त्रिशरणाला उभे राहिले की सगळं बंद करता, आणि मंगल झालं की सगळ्यात आधी ती रेकॉर्ड लावता. सुई टेकण्याआधी तिच्यावर बोट हळूच घासता, भोंग्यातून खरखर आली की समजायचं लाईन चालू आहे. मी शेजारी उभी. तुम्ही वाकून सांगता, ‘मागचा जाड आवाज ऐक. तो माजा.’ मी कान देते. भोंग्यातून सगळे आवाज सारखेच येतात, पत्र्यातून आल्यासारखे. मला जाड आवाज काही सापडत नाही, पण मी मान हलवते. आई लांब बायकांत बसलेली, आपल्याकडे बघत.

तुमचा प्लेअर केव्हाच भंगारात गेला. रेकॉर्डी मी ठेवल्या. आईसाठी म्हणून मी नवशिक्यांसाठी असतं तसलं साधं टर्नटेबल मागवलं आणि तुम्ही जोडायचात तसंच जोडलं, वायर सरळ ॲम्प्लिफायरला. दुसरी एक रेकॉर्ड लावून बघितली, तर आवाज आला तो भिंतीपलीकडे कोणी बोलतंय असा, बारीक आणि किरटा. बटण पार शेवटपर्यंत फिरवलं तरी तेच. मी ठरवलं की टर्नटेबल नकली आहे. मग ठरवलं की पिन नकली आहे. मग ते उचलून रिपेरिंगवाल्याकडे नेलं, आणि डब्याचं निघालं ते तिथे.

त्याचं म्हणणं असं. तुमच्या वेळच्या पिना जोरात बोलायच्या, त्यांना मध्ये कोणाची गरज नव्हती. नव्या पिनेत बारीकसं चुंबक असतं, ती कुजबुजते. ती कुजबुज मोठी करायला हा डबा. पण एवढंच असतं तर मी विश्वास ठेवला नसता. त्यानं दुसरी गोष्ट सांगितली ती मला झोंबली. रेकॉर्ड कापताना म्हणे त्यातला खर्ज मुद्दाम कमी करून ठेवतात, नाहीतर रेघ एवढी हलते की शेजारच्या रेघेत घुसते. वाजवताना तो खर्ज परत वाढवायचा असतो, ठरलेल्या मापानं, आणि ते काम हा डबा करतो. म्हणजे जाड आवाज त्या रेकॉर्डमध्ये असेलच, तर आतापर्यंत आमच्यापैकी कोणी तो नीट ऐकलेलाच नव्हता. भोंग्यात खर्ज येतच नाही, हे तुम्हाला दुकान चालवताना माहीत होतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती की जो आवाज कोणालाच ऐकू येत नाही तो आपला म्हणून सांगायला काही धोका नसतो.

मग मी डबा निवडायला बसले. ऑफिसातले एक साहेब गाण्यांचे शौकीन, त्यांनी जो सुचवला तो घेतला असता तर आईचं कानाचं मशीन राहिलं असतं. मोबाईलवर बघितलं तर सगळ्यात स्वस्त डब्याखाली स्तुतीच स्तुती, आणि चार जणांनी अगदी एकच वाक्य लिहिलेलं, चुकासकट. फोटो मोठे करून बघितले तेव्हा कळलं की तोच डबा चार वेगवेगळ्या नावांनी विकायला ठेवलाय. एकानं तर नुसता हेडफोनचा आवाज वाढवायचा डबा फोनो म्हणून विकायला लावला होता. मी रात्रंदिवस तेच करत होते असं आईचं म्हणणं. पण मला काय हवंय ते हळूहळू ठरलं. चुंबकवाल्या पिनेसाठीच केलेला असावा, उगाच दहा बटणं नकोत. डबा लोखंडाचा असावा, प्लॅस्टिकचा नको. अर्थिंगच्या वायरीला मागे स्क्रू हवाच. त्याचा ॲडॅप्टर त्याच्याबरोबर यावा. बिल मिळावं आणि आवडला नाही तर परत घ्यावा. रिपेरिंगवाला म्हणाला, ‘ताई, आदी टर्नटेबलच्या मागं बगा, कदी कदी आतच बसवलेला असतो. मग बाहेरचा लावला की आवाज फाटतो.’ मला वाटलं, हा माझं नुकसान वाचवतोय की गोड बोलून पुढे महागातलं गळ्यात मारणार आहे? टॉर्च घेऊन बघितलं. आत बसवलेला नव्हता.

ऐकल्याशिवाय वस्तू घ्यायची नाही ही तुमची रीत. माझ्या अटी सांगून रिपेरिंगवाल्याला मी दोन डबे मागवायला लावले होते. मी टर्नटेबल मांडीवर घेऊन रिक्षानं परत बाजारात गेले आणि त्याला म्हटलं, दोन्ही लावा. बरोबर एक जुनी साधी रेकॉर्ड नेली होती, ती नव्हे. आईच्या संशयाचा निकाल भर बाजारात लागायला नको होता. पहिला, स्वस्तातला डबा लावला तर गाण्याखाली सारखी गुणगुण. मी सुई उचलून तुमच्यासारखं तिच्यावर बोट घासलं. रिपेरिंगवाला दचकला, ‘ताई, जपून, ही पिन नाजूक हाय.’ मग मी वाकून मागे बघितलं. अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती, लोंबत होती. जोडली तशी गुणगुण गेली. मी विचारलं, ‘मुद्दाम सोडली होती ना? म्हणजे मी महागातला घेईन?’ त्याला इतका राग आला की त्यानं मला स्वस्तातलाच बांधून दिला आणि म्हणाला, ‘परत येऊ नका.’ मग लगेच, ‘आलात तर चहा घ्या.’ दोन्ही डब्यांत मला तरी काही फरक कळला नाही, म्हणून तोच घेतला. एका महिन्याच्या किराण्यात बसला.

काल संध्याकाळी आईसाठी ती रेकॉर्ड लावली. आईनं खुर्ची स्पीकरला चिकटवली, डावा कान पुढे केला आणि हात स्पीकरच्या खोक्यावर ठेवला. गाणं सुरू झालं. ढोलकी आली ती अशी की खोकं हललं, ती एवढी भारी होती हे मला कधी माहीतच नव्हतं. मग मागचे गाणारे आले, आणि त्यांच्यात खरोखरच एक जाड, स्थिर, खोल आवाज. मी आईला खुणावलं, हा बघ, हे अण्णा.

आईनं मान हलवली, नाही म्हणून. ‘तो आपला ढोलकीवाला. जाड आवाज त्याचाच, गावात दुसऱ्या कोनाचा नव्हता.’ मी सुई उचलायला गेले. तिनं माझा हात धरला. ‘थांब गं. परत येऊ दे.’ कोरस परत आला. तो यायच्या जरा आधी, सगळ्यांनी श्वास घ्यायच्या आत, एक पातळ, घाईचा आवाज पुढे घुसला आणि मग बाकीचे येऊन मिळाले. आई म्हणाली, ‘ह्यो. ह्यो तुजा बाप. विहारात वंदनेला पन असाच करायचा, सगल्यांच्या आदी. कोनासाठी थांबायचा नाय.’ तिनं ती रेकॉर्ड तीनदा वाजवायला लावली. प्रत्येक वेळी तो आवाज घुसला की तिचं बोट खोक्यावर टेकायचं. डोळे कोरडे होते, पण चेहरा असा होता की मला तिच्याकडे बघवेना. म्हणजे तुम्ही होतात, अण्णा. आणि जो आवाज तुम्ही मला दाखवत होतात तो तुमचा नव्हता. एवढ्या वर्षांत खरं सांगितलं असतंत तर आई तेव्हाच ओळखून मोकळी झाली असती. पण चांगला आवाज दुसऱ्याचा आणि आपला घाईचा, हे लेकीपुढे कबूल करणं तुम्हाला जमलं नसावं.

मला वाटलं, झालं, आईचं आयुष्यभराचं ओझं उतरलं. तिनं पदरानं चेहरा पुसला, टर्नटेबल बंद करायला सांगितलं आणि उठता उठता म्हणाली, ‘गायला, कबूल. गायला एक दिवस लागला असंल. मग बाकीचे दिवस कुटं हुता?’

आता ती आत झोपली आहे आणि मी हे लिहितेय. हे कागद मी कोणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. कारण कालच्या आधी ही रेकॉर्ड लावलीच नाही असं मी तिला सांगितलं, ते खरं नाही. परवा दुपारी ती डॉक्टरकडे गेली होती तेव्हा मी ती एकटीनं वाजवून बघितली होती. जाड आवाज आला, तसं मी मोठ्यानं ‘अण्णा’ म्हटलं, आणि किती तरी वेळ रडत बसले. तुमच्यासाठी मी कधी तशी रडले नव्हते, आणि रडले ती त्या ढोलकीवाल्याच्या आवाजाला. तुमचा आवाज तेव्हाही त्याच्या आधी आला होता. मी तो ओळखला नाही.