न घासता धरणारा ब्रेक

चिंचोटी,
मंगळवार, २१ नोव्हेंबर २००६. सकाळचे नऊ चाळीस.

प्रिय रीटा,

आत्ताच रोलर कोस्टरच्या रुळांवरून खाली उतरलो. मंगळवारी पार्क बंद असतो, त्यामुळे ब्रेक साफ करायचं माझं काम निवांत चालतं. ब्रेकच्या दोन्ही बाजूंना चुंबकं आहेत आणि मधे बोटभर फट. त्या फटीत लोकांच्या केसांच्या पिना, सेफ्टीपिना, कधी एखादं रुपयाचं नाणं जाऊन चिकटतं. ते लाकडी पट्टीनेच काढायचं, कारण लोखंडी पाना नेला तर चुंबक तो हातातून हिसकावून घेतं. घड्याळसुद्धा मी आधीच काढून डब्याच्या पिशवीत ठेवतो. आज पट्टी दोनदा फिरवून खाली आलो, मग शंका आली म्हणून पुन्हा चढलो आणि तिसऱ्यांदा फिरवली. तू हसशील. घराची कडी तीनतीनदा बघणारा तुझा भाऊ अजून तसाच आहे, फक्त आता त्याला त्याचा पगार मिळतो.

तुझं पत्र मिळून दोन आठवडे झाले. सोळा डिसेंबरला तू येतेस हे ऐकून आईने त्याच दिवशी कुकीजच्या साच्यांचा डबा माळ्यावरून खाली काढला. पण पत्राच्या शेवटी तू एका ओळीत विचारलंस, पप्पा या वेळी तरी विमानतळावर येतील का? त्या ओळीसाठीच मी थांबलो होतो, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं. तू मस्कतला निघालीस तेव्हा अर्धं पाचूबंदर जीपमध्ये कोंबून सहार विमानतळावर आलं, क्लेमेंटीन मावशीसुद्धा गुडघे धरत आली, आणि पप्पा दारात उभे राहिले. मागच्या नाताळला तू सुट्टीवर आलीस तेव्हाही ते दारातच होते. तुझी बॅग घेतली, तुझ्याकडे नीट बघितलंही नाही, आणि तू स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणालीस, 'पप्पा अजून माझ्यावर रागावलेत.' ते मी ऐकलं होतं.

त्या अपघातानंतर चार वर्षांत पप्पा कुठल्याही गाडीत बसले नाहीत. रिक्षातही नाही. माणिकपूरला जायचं असलं तरी पायी जातात आणि विचारलं तर म्हणतात, 'चालल्यावर भूक लागते.' आपला टेम्पो विकला तेव्हा किल्ली देतानासुद्धा ते बाहेर आले नव्हते. मी कॉलेज सोडून कामाला लागलो तेही त्याच महिन्यात, पण त्याबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नाही आणि मीही कधी विषय काढला नाही.

गणपतीच्या सुमारास एकदा जेवताना मी सहज म्हणालो, आमच्या कोस्टरच्या ब्रेकला ऑइल लागत नाही. पप्पांचा घास हातातच राहिला. 'ऑइल नाय? मग लायनर तरी झिजत असंल.' मी म्हटलं, लायनरच नाही, काही घासतच नाही. 'आनि लाइट गेली तर?' लाइट लागतच नाही. 'मग उतारावर धरतं कोन?' त्या दिवसापासून रोज रात्री भाताबरोबर एक प्रश्न ठरलेला. आई वैतागून म्हणाली, 'सॅन्टन, तुझ्या सायबाला विचार, असा ब्रेक मानसाच्या तोंडाला बसवून मिळतो का.'

मला जे कळलं ते आमच्या इंजिनिअर चंद्रहास सरांमुळे. ते एव्हरशाईन सिटीत राहतात, आणि मी एकच गोष्ट चार वेळा विचारली तरी चार वेळा सांगतात. गाडीच्या पोटाखाली तांब्याची एक लांब पट्टी आहे. गाडी उतारावरून खाली आली की ती पट्टी चुंबकांच्या फटीतून जाते, पण कशालाही टेकत नाही. तांबं चुंबकाला चिकटत नाही हे तुला शाळेपासून माहीत आहे. पण तेच तांबं चुंबकाजवळून वेगाने गेलं, की त्याच्या अंगात विजेचे भोवरे उठतात, वल्हं मारल्यावर खाडीच्या पाण्यात उठतात तसे. ते भोवरेच गाडीला मागे ओढतात. वेग जितका जास्त तितके भोवरे जोरकस, म्हणून गाडी जितकी जोरात येईल तितकी घट्ट धरली जाते. तो सगळा जोर पट्टीत उष्णता होऊन निघून जातो. फेऱ्या झाल्यावर हात लावला तर पट्टी गरम लागते.

पप्पांना हे सांगून पटेना. म्हणून मी एसी दुरुस्त करणाऱ्या जॉनकडून तांब्याच्या जाड नळीचा हातभर तुकडा आणला आणि सरांकडून पेराएवढं चुंबक मागून घेतलं. आधी नळीतून लोखंडी नट सोडला, तो टक्कन खाली पडला. मग चुंबक सोडलं. ते येईचना. पप्पांनी वरून डोळा लावला, आणि चुंबक नळीच्या मधोमध हळूहळू उतरताना त्यांना दिसलं. 'पडतंय,' ते म्हणाले, 'पन घाई नाय.' त्या संध्याकाळी नळी त्यांनी कोणाला दिली नाही. शेजारचा रायन मागायला आला, त्यालाही नाही.

एक गोष्ट सांगायची मला भीती वाटत होती. हा ब्रेक गाडी पुरती थांबवत नाही. वेग उतरला की भोवरेही विरतात आणि पकड सैल होते, त्यामुळे शेवटच्या चार पावलांसाठी हवेवर दाबले जाणारे साधे रबरी ब्रेक लागतात. मला वाटलं, हे ऐकून पप्पा नळी ठेवून देतील. पण लपवणं मला जमत नाही, म्हणून सांगितलं. पप्पा चक्क हसले. 'अरे, होडी पन तशीच. मशीन बंद केली का पानीच धरतं. बंदराला लागताना दोरी टाकायलाच लागते.'

मग गेल्या रविवारी, परवाच, चर्चमधल्या पहिल्या मिसानंतर पप्पा घरातून निघाले ते दुपारी पार्काच्या गेटवर उभे. पाचूबंदर ते चिंचोटी, पायी. वॉचमनने मला निरोप पाठवला, 'तुझा बाप आलाय, पानी पितोय आणि पुन्हा पानी मागतोय.' रीटा, आमच्या गेटसमोरूनच कामणचा रस्ता फुटतो. चार वर्षांत त्यांनी ज्या रस्त्याचं नावही घेतलं नव्हतं, त्याच्या तोंडाशी ते घामाने भिजून उभे होते.

मी त्यांना ब्रेकजवळच्या कठड्यापाशी उभं केलं. तीन फेऱ्या बघून झाल्या. चौथ्या वेळी गाडी वरच्या टोकावरून सुटली आणि लाइट गेली. गाणं बंद, पंखे बंद, रांगेतले लोक ओरडायला लागले. जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. पप्पांनी कठडा दोन्ही हातांनी आवळला. गाडी खाली आली, फटीत शिरली आणि पाण्यात शिरावी तशी शांत होत गेली. आतल्या पोरांना लाइट गेल्याचा पत्ताही नव्हता. पप्पांनी कठडा सोडला. मग म्हणाले, 'मला बसव.'

चार वर्षांनी आपले पप्पा गाडीत बसले आणि तेही कोस्टरच्या. मी शेजारी बसलो. खरं सांगतो, जास्त घाबरलेला मीच होतो. त्यांनी क्रूसाची खूण केली, चपला काढून आमच्या ऑपरेटर जितेशकडे दिल्या. जितेश ओरडला, 'अंकल, हात वर करा, मजा येते!' पप्पा त्याला म्हणाले, 'तू कर, तुला पगार मिळतो.' वर जाताना त्यांनी डोळे मिटले आणि उतारावर माझं मनगट धरलं. ब्रेक लागला तेव्हा डोळे उघडून म्हणाले, 'मागून कोनी शर्ट धरल्यासारखं वाटतं रे.'

उतरल्यावर ते बाकावर बसले आणि तुझ्याबद्दल बोलले. मी विचारलं नव्हतं. तुला भिवंडीच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर सोडायचं होतं, मागे सुक्या बोंबलांच्या गोणी, पाऊस, आणि कामणच्या उतारावर पेडल नुसतंच खाली गेलं. एवढं आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, 'भिंत दिसली तेव्हा मी डावा हात स्टिअरिंगवरनं काढला, रीटाला धरायला. दोन्ही हात ठेवले असते तर गाडी वळली असती. तिचा डावा हात चेचला नसता.' चार वर्षं हेच धरून बसले होते ते. पुढे म्हणाले, 'मागल्या नाताळला घरात पन ओढनी घेऊन होती. हात दाखवीत नाय मला. तिचं बरोबर हाय.'

परतीला स्टाफच्या बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागे बसले. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता. वसईत उतरताना ड्रायव्हरला म्हणाले, 'बरी चालवतोस.'

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. तू ओढणी घेतेस ती पप्पांना त्रास होऊ नये म्हणून. मला माहीत आहे, तू मलाच सांगितलं होतंस. पण त्यांनी ते उलटं वाचलंय, आणि तूही त्यांचं दारात उभं राहणं उलटंच वाचलंस. तुझं डोकं काचेवर आपटलं नाही ते त्यांनी काढलेल्या त्या हातामुळे, असं डॉक्टर तेव्हाच आईला म्हणाले होते. मी सांगितलं तर पप्पा मानणार नाहीत, म्हणतील तू मन राखतोस. तू सांग. सोळा तारखेला बाहेर येशील तेव्हा आखूड बाह्यांचं काहीतरी घाल, आणि बॅगेची ट्रॉली डाव्या हाताने ढकलत ये. पप्पा पहिल्या रांगेत असतील. जीप ठरवायला ते काल स्वतः माणिकपूरला गेले, बॉनेट उघडायला लावून ब्रेक ऑइल बघितलं. जीपवाला विचारत होता, 'अंकल, भाडं ठरवताय की गाडीच विकत घेताय?'

तुझाच भाऊ,
सॅन्टन

ता. क. जीपचे अकराशे ठरले. तीनशे पप्पांनी आगाऊ दिले, आठशे तू घरी पोचल्यावर द्यायचे. तू पर्स उघडायची नाहीस, असा निरोप आहे. पुढची खिडकीची जागा त्यांनी स्वतःसाठी सांगून ठेवली आहे.